फोडणीची फायर ड्रिल

आमच्या घरी स्वयंपाक कुठवर आला आहे, हे छतावरचा स्मोक डिटेक्टर सांगतो. एकदा वाजला की आमटीला फोडणी बसली, दुसऱ्यांदा वाजला की भाजीला. घर घेताना एजंट बाईंनी मोठ्या कौतुकाने 'ओपन किचन' दाखवलं होतं, तेव्हा हे यंत्र शेगडीपासून चार पावलांवर आहे, इकडे आमचं लक्ष गेलं नाही. ज्याने ते तिथे बसवलं, त्याच्या घरी बहुधा रोज सँडविच खात असावेत.

अमेरिकेत, नेपरव्हिलला राहायला आल्यापासून आमची एक पद्धत बसून गेली आहे. अलार्म वाजला की मी खुर्ची ओढतो, वर चढतो आणि डिटेक्टरला टॉवेलने वारा घालतो. मुग्धा, म्हणजे माझी बायको, मागच्या अंगणाचं सरकतं दार आणि सिंकवरची खिडकी उघडते. आणि पहिलीतली आमची ईरा चित्रातून मान वर न काढता म्हणते, "इट्स जस्ट फोडणी." मग आम्ही जेवायला बसतो. (हिवाळ्यात या दारातून जे वारं येतं, त्यामुळे या घरात गरम आमटी अजून कोणी खाल्लेली नाही.)

मुलांना शाळेत एक शिकवतात आणि घरी दुसरंच, याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. शाळेत ईरा आपल्याला राग का आला ते शब्दांत सांगायला शिकली, आपली पाळी येईपर्यंत थांबायला शिकली, घरचा पत्ता तोंडपाठ म्हणायला शिकली. घरी आम्ही पाढे घेतो, पानात टाकायचं नाही हे शिकवतो, आणि घरी आलेल्या काका-काकूंना वाकून नमस्कार करायला लावतो. (नुसता पत्ता पाठ करण्यात शाळा इतके दिवस घालवते, यावर मी एका पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, भाषणही दिलं होतं. तेवढ्या वेळात पोरीचे बारापर्यंत पाढे झाले असते, असा माझा मुद्दा होता आणि तो सर्व बाबालोकांना पटला होता.) पण आपण शिकवत नसतो, तेव्हाही मूल घरी शिकतच असतं. हे मला मिसेस डॉसन यांचा फोन आला तेव्हा कळलं.

मिसेस डॉसन ईराच्या वर्गशिक्षिका. त्यांचा आवाज इतका गोड आहे की वाईट बातमी पूर्ण सांगून होईपर्यंत ती वाईट आहे हे लक्षातच येत नाही.

"ईरा इज वंडरफुल," त्यांनी सुरुवात केली. "आज आमची फायर ड्रिल होती."

"अच्छा, व्हेरी गुड," मी म्हणालो.

ईरा त्या आठवड्यात लाइन लीडर होती. म्हणजे वर्ग जेवायला, लायब्ररीत, मैदानावर, कुठेही निघाला की रांगेत सगळ्यात पुढे ती. पहिलीच्या वर्गात याहून मोठं पद नाही. अलार्म वाजला, मुलं शिकवल्याप्रमाणे ईराच्या मागे रांगेत उभी राहिली, आणि ईरा जागची हलली नाही. ती मागे वळून मुलांना म्हणाली, "डोन्ट वरी. इट जस्ट मीन्स लंच इज रेडी." मग तिने खुर्ची ओढली, भिंतीवरच्या अलार्मखाली लावली, वर चढली आणि त्याला जॅकेटने वारा घालू लागली. रांगेतली निम्मी मुलं जेवणाचे डबे काढायला गेली. सगळी शाळा मैदानावर थंडीत उभी, आणि पहिलीचा एक वर्ग बाहेरच येईना. प्रिन्सिपल स्वतः बघायला आले तेव्हा एक मुलगा ईराला सांगत होता, "थोडं डावीकडे."

"मी तिला विचारलं, हे तुला कोणी शिकवलं," मिसेस डॉसन म्हणाल्या. "ती म्हणाली, माय डॅड डझ इट एव्हरी डे."

मी फोन म्यूट केला आणि मुग्धाकडे पाहिलं. मुग्धा पुण्याची आहे. ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघतोस? खुर्चीवर तू चढतोस."

संध्याकाळी ईरा बसमधून उतरली ती रडतच. लाइन लीडरचं पद काढून ऑलिव्हर नावाच्या मुलाला दिलं होतं. ("ही डझन्ट इव्हन वॉक स्ट्रेट, बाबा.") पण मिसेस डॉसननी एक वाट ठेवली होती. घरी सगळ्यांनी मिळून फायर ड्रिलची प्रॅक्टिस करायची, अगदी नियमाप्रमाणे, आणि सोमवारी ईराने वर्गापुढे ती सांगायची. ती नीट झाली तर पद परत.

"सगळ्यांनी म्हणजे आजीने पण," ईरा डोळे पुसत म्हणाली. "अँड यू कान्ट बी सिली."

मी कशाला सिली करीन? माझा व्यवसाय सॉफ्टवेअर टेस्टिंगचा आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या कामात चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. मी लगेच सूत्रं हातात घेतली. नियम ईराने सांगितले. अलार्म वाजला की हातातलं सोडून बाहेर. काही बरोबर घ्यायचं नाही. शेवटच्याने दार ओढून घ्यायचं, म्हणजे आग पसरत नाही. समोरच्या मेपलच्या झाडाखाली जमायचं. आणि एकदा बाहेर पडलं की काही झालं तरी परत आत जायचं नाही. हा शेवटचा नियम तिने माझ्याकडे बघून पुन्हा सांगितला.

शनिवारी सकाळी ड्रिल ठरली. डिटेक्टरवर टेस्टचं बटण असतं, ते दाबलं की तो वाजतो. कोणीही शहाण्या माणसाने ते दाबलं असतं. पण टेस्टिंगमध्ये आम्ही म्हणतो, प्रत्यक्षात जसं घडतं तसंच घडवून बघा. मी जाहीर केलं की मी खरी फोडणी करणार आणि अलार्म आपला आपण वाजणार. फक्त आज ती फोडणी नाही, आग आहे, असं सगळ्यांनी समजायचं.

"समजायचं कशाला?" मुग्धा म्हणाली. "तू शेगडीपाशी जाणार आहेस ना?"

माझी आई तेव्हा नागपूरहून आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आली होती. ती सोफ्यावर लसूण सोलत हे सगळं ऐकत होती. "काय करून राहिला तू मक्या?" तिने विचारलं. "घरच्या माणसांना घरातून बाहेर काढाले धूर करतोस?"

मी कढईत तेल टाकलं, मोहरी टाकली, जिरं टाकलं. तडतड झाली, वास सुटला, पण डिटेक्टर गप्प. एरवी पापड भाजला तरी बोंबलणारं ते यंत्र त्या दिवशी मौनात गेलं होतं. मी हिंग टाकला. काही नाही. ईरा गळ्यात शिट्टी अडकवून जिन्यात उभी होती आणि माझ्याकडे असं बघत होती की मला माझ्या पहिल्या नोकरीचा इंटरव्ह्यू आठवला. शेवटी मी नागपूरहून आलेल्या भिवापुरी मिरच्यांची पिशवी उघडली आणि मूठभर मिरच्या तेलात सोडल्या.

अलार्म वाजला. पण त्याआधी आम्ही सगळे खोकायला लागलो होतो.

आणि मग सवयीने आपलं काम केलं. मुग्धाने खिडकी उघडली. आईने शालीचं टोक तोंडाला लावलं आणि दुसऱ्या हातातल्या वर्तमानपत्राने डिटेक्टरला वारा घालायला धरलं. आणि मी, या सगळ्या योजनेचा जनक, खुर्चीवर चढलो होतो. कधी चढलो ते मला आजही सांगता येणार नाही.

ईराने शिट्टी फुंकली. "नो! नो फॅनिंग! एव्हरीबडी आउट!"

मी खुर्चीवरून उडी मारली. मुग्धा निघाली. आई मात्र देवघराकडे वळली, बाळकृष्ण उचलला आणि छातीशी धरून आली.

"आजी, नो थिंग्ज," ईरा म्हणाली. "जस्ट यू."

"देवाले आत ठेवून आपण बाहेर पळायचं?" आई म्हणाली. "असं शिकवतेत का तुमच्या शाळेत?"

ईरा विचारात पडली. असा प्रश्न वर्गात निघाला नसावा. "इज ही फॅमिली?"

"मग काय तर."

"ओके. ही कॅन कम."

आम्ही बाहेर आलो. आदल्या दिवशीच बर्फ पडलं होतं. आई गाऊनवर शाल घेऊन, मुग्धा घरातल्या चपलांत, मी टी-शर्ट आणि पायजम्यात. ईराने सगळ्यात शेवटी येऊन नियमाप्रमाणे दार घट्ट ओढून घेतलं, आणि आमच्या दाराने त्याच्या नियमाप्रमाणे कुलूप लावून घेतलं. मेपलखाली तिने आम्हांला मोजलं. बाळकृष्णालाही मोजलं. तिचा चेहरा असा फुलला होता की थंडी वाजतेय हे म्हणायची मला लाज वाटली.

"वी डिड इट," ती म्हणाली. "आता मी मंडेला सांगणार."

अलार्म आत अजून वाजत होता. मुग्धाने माझ्याकडे पाहिलं.

"गॅस बंद केलास ना?"

"मी?"

"शेगडीपाशी कोण होतं?"

"पण ईरा म्हणाली की हातातलं सोडून लगेच..."

आत मोठ्या आचेवर तेलाची कढई होती, तिच्यात मूठभर मिरच्या होत्या, किल्ली आत होती, फोन आत होते, मागचं सरकतं दार आतून लावलेलं होतं. गॅरेजचं दार उघडायच्या कीपॅडची बॅटरी संपली होती आणि ती बदलायचं काम माझ्याकडे होतं. (ते माझ्याकडे दिवाळीपासून होतं.) मागच्या बाजूच्या खिडकीतून निघालेला निळसर धूर छपरावरून दिसू लागला.

"बाबा, आता वॉल्टरकडे जायचं आणि नाइन-वन-वनला कॉल करायचा," ईरा म्हणाली. वॉल्टर म्हणजे आमचे शेजारी, निवृत्त गृहस्थ.

"नाही नाही," मी म्हणालो. "त्यांना काय सांगणार, फोडणी करपली म्हणून? आलोच मी. खिडकीतून हात घालतो, गॅस बंद करतो, संपलं."

"बाबा, नो." तिने माझा टी-शर्ट धरला. तिचे डोळे भरून आले होते. "यू नेव्हर गो बॅक. तू आत गेलास तर इट डझन्ट काउंट. मग मला लाइन लीडर नाही मिळणार."

इथे मी थांबायला हवं होतं. मला तिचं म्हणणं कळत होतं आणि वाईटही वाटत होतं. पण घरातली आग आणि आपली अब्रू यांत माणूस आधी अब्रू विझवायला धावतो. फायर ब्रिगेडची गाडी दारात आली की सगळी गल्ली जमणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी टी-शर्ट सोडवून घेतला आणि मागच्या अंगणात धावलो.

तिथे रिसायकलिंगचा मोठा डबा होता. तो मी खिडकीखाली ओढला, त्यावर चढलो, जाळी काढली आणि डोकं आत घातलं. डोकं गेलं. खांदे गेले. मग पोटापाशी काम थांबलं. सासुरवाडीला प्रत्येक भेटीत आग्रहाने वाढलेलं सगळं त्या चौकटीत येऊन अडकलं होतं. त्याच क्षणी पायाखालचा डबा बर्फावरून घसरला आणि निघून गेला. आता माझा पुढचा भाग सिंकवर, मागचा भाग अंगणात, आणि मिरच्यांचा धूर बाहेर पडायला जी एकुलती एक वाट होती, तिच्यात मी बुचासारखा बसलो होतो.

शेगडीचं बटण मला दिसत होतं. सिंकशेजारच्या ताटाळ्यातून मी लाटणं उचललं, हात लांब केला आणि बटण ढकलायचा प्रयत्न केला. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या, नेम काय लागणार? लाटणं मीठमसाल्याच्या डब्याला लागलं आणि हळदीची वाटी माझ्याच डोक्यावर आली. मागून मुग्धाचा आवाज आला. "मकरंद, पाय ओढू की ढकलू?"

"ढकल!"

तिने ढकलून पाहिलं, मग ओढून पाहिलं. दोन्हीने काही फरक पडला नाही.

दरम्यान पुढच्या अंगणात काय चाललं होतं ते मला नंतर आईकडून कळलं. ईरा आजीचा हात धरून वॉल्टरकडे गेली. त्यांनी फोन लावून दिला. पलीकडच्या बाईंनी पत्ता विचारला आणि ईराने घरनंबर, रस्ता, गाव, राज्य, सगळं एका दमात सांगितलं. कोणी आत आहे का, असं विचारल्यावर तिने जरा विचार केला.

"मम्मा इज आउट," ती म्हणाली. "आजी इज आउट. गॉड इज आउट. माय डॅड इज हाफ."

गाडी आली. सायरनसकट आली. दोघा जवानांनी हत्याराने पुढचं दार उघडलं, दोन पावलं आत आले, आणि खोकत खोकत परत बाहेर गेले. काय पेटलंय ते त्यांना कळेना. आईने त्यांना मराठीत समजावून सांगितलं. मग ते तोंडाला ऑक्सिजनचे मास्क लावून पुन्हा आत आले. मला उलटं-सुलटं जे दिसत होतं त्यात हेही दिसलं, की शेगडीचं बटण फिरवायला पूर्ण पोशाखातली दोन धिप्पाड माणसं आली आहेत. कढईवर झाकण पडलं, अलार्म थांबला. पडदा थोडा काळा झाला होता. बाकी घराला काही झालं नव्हतं.

त्यांच्यातला एकजण वळला आणि मला, म्हणजे माझ्या आतल्या अर्ध्याला, त्याने पाहिलं. माझं डोकं पिवळं होतं, हातात लाटणं होतं.

"सर," तो मास्क काढत म्हणाला, "आर यू गोइंग इन ऑर कमिंग आउट?"

मला चौकटीतून सोडवलं आणि पुढच्या अंगणात आणलं, तेव्हा माझ्या भीतीप्रमाणे सगळी गल्ली जमली होती. आई बाळकृष्णाला शालीत गुंडाळून वॉल्टरच्या ओट्यावर बसली होती. फायर ब्रिगेडचा कॅप्टन ईरापुढे गुडघ्यावर बसला होता. दार बंद कोणी केलं, फोन कोणी केला, पत्ता कोणी सांगितला, प्रत्येक प्रश्नाचं उत्तर "मी" असं येत होतं. दार बंद होतं म्हणून वारा आत घुसला नाही आणि आग पडद्यावर थांबली, असं तो आम्हांला म्हणाला.

"हू टॉट यू ऑल धिस?" त्याने ईराला विचारलं. "युअर डॅड?"

ईराने माझ्याकडे पाहिलं. हळद डोळ्यांवरून ओघळत होती. "नो," ती म्हणाली. "स्कूल."

मला त्या क्षणी पोरीचा इतका अभिमान वाटला की लाज वाटायची राहून गेली. ती पुढे दोन दिवस सावकाश वाटली. पण ईराने शनिवार-रविवार शिट्टीला हात लावला नाही. कॅप्टनने शाबासकी दिली तरी नियम तो नियम. घरातला एक माणूस परत आत गेला होता, आणि खोटं सांगायचं नाही हे दुर्दैवाने तिला आम्हीच शिकवलं होतं.

"मिसेस डॉसनना सांग, बाबाची चूक होती," मी म्हणालो.

"मी तेच सांगणार आहे," ती म्हणाली.

सोमवारी तिने तेच सांगितलं. फळ्यावर चित्रच काढून सांगितलं. संध्याकाळी ती बसमधून उतरली ती सगळ्या मुलांच्या पुढे, मान ताठ. खरं सांगितल्याबद्दल पद परत मिळालं होतं. मुग्धाने शिरा केला, अलार्म वाजला, आणि आम्ही सगळे निमूटपणे मेपलखाली जाऊन उभे राहिलो.

पालकसभेला आम्ही शाळेत गेलो, तेव्हा मिसेस डॉसन अगदी भारावल्या होत्या. ईराचं चित्र इतकं स्पष्ट होतं, की त्यांनी ते तिच्याकडून मोठ्या कागदावर काढून घेतलं होतं. वर्गाबाहेरच्या भिंतीवर ते लावलेलं होतं. एक घर, एक खिडकी, आणि खिडकीतून बाहेर आलेले पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यातले दोन पाय. आता पहिलीच्या सगळ्या वर्गांना आगीचे नियम त्या चित्रावरून शिकवतात. या माणसाचं काय चुकलं, असं विचारलं की मुलं हात वर करतात आणि एकेक सांगतात. मिसेस डॉसन म्हणाल्या, एका तासात संपत नाही.

आईने त्याच दिवशी नागपूरला मावशीला फोन लावला. मी बाजूच्या खोलीत होतो. "नाही तर काय," ती सांगत होती. "एवढा शिकला, अमेरिकेत आला, त्याचं चीज झालं बाप्पा. आमच्या मक्यावर इथल्या शाळेत धडा आहे."

कशाबद्दल आहे, ते तिने सांगितलं नाही. मावशी तेव्हापासून मला अहोजाहो करते.